जुन्या घरातलं स्पार्किंग ओळखून लाईन तोडणारा बॉक्स : कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतल्या घराच्या नोंदी

१६ जून २०२४, रविवार

फ्रीजचा टॉप (प्लग) सॉकेटमधनं निघेना. आई फ्रीजच्या मागं पुसून घ्यायची म्हणून सरकवत होती, टॉप ओढला तर तिरका निघाला आणि एक पिन आतच राहिली. मेन पाडून बोर्ड खोलला. फेजच्या टर्मिनलचा स्क्रू बोटानं फिरतोय इतका ढिला, तारेवरचं लाल पीव्हीसी दोन पेरं लांब काळं पडून फुगलेलं, आणि सॉकेटचं बेकलाइट इतकं ठिसूळ की नख लावलं तर पोपडा हातात. बोर्डामागं लाकडी पाट आहे आणि पाटामागं भिंतीतला सागवानी खांब. पाटाच्या मधोमध रुपयाएवढा कोळसा झालाय.

एमसीबी पडली नव्हती. दोन वर्षांपूर्वी मीच ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवलाय, तोही पडला नव्हता. आणि पडणार तरी कसा, ठिणगी फेजच्याच तारेत, फ्रीजच्या सिरीजमध्ये, करंट जाणार तो फ्रीज घेतोय तेवढाच. एमसीबीला जास्त करंट दिसला तर ती पडते, आरसीसीबीला अर्थला गळती दिसली तर तो पडतो, इथं दोन्हीपैकी काहीच नाही. मी उद्यमनगरात पॅनेल वायरिंग करतो, दिवसभर स्टार्टर आणि कॉन्टॅक्टर (मोठा लोड जोडणारे-तोडणारे, कॉइलवर चालणारे स्विच) हेच हातात असतं, आणि आज्जी ज्या खोलीत झोपते तिथल्या खांबाला कोळसा लागलेला मला कळला नाही. रात्रभर झोप नाही लागली.

१९ जून

अशी ठिणगी ओळखून लाईन तोडायला तयार यंत्र मिळतं, एएफडीडी (आर्क फॉल्ट डिटेक्शन डिव्हाइस) म्हणतात, आयईसी ६२६०६ हे त्याचं मानक. अमेरिकेत १९९९ च्या वायरिंग कोडमध्ये बेडरूमच्या सर्किटला असलं संरक्षण पाहिजे अशी अट आली आणि २००२ पासून ती लागू झाली. लक्ष्मीपुरीत विचारलं तर मागवून देतो म्हणाले, पण किंमत हजारांत आणि प्रत्येक सर्किटला एक लागतं, आमची सहा सर्किटं आहेत. ज्याला परवडतंय त्यानी सरळ तेच घ्यावं, हे मी मनापासून सांगतोय. मी स्वतः करायचं ठरवलं कारण पैसे एकदम नाहीत, आणि ते कशाला बघून पडतं हे मला कळलं पाहिजे.

गाठायचं काय ते मानकातनंच घेतलं. सिरीजमध्ये ५ अँपिअरची ठिणगी असेल तर अर्ध्या सेकंदात लाईन तुटली पाहिजे, १० ला पाव सेकंदात, अडीचला एक सेकंद चालतो.

२३ जून, रविवार

आधी ठिणगी पाहिजे, मग ती ओळखणारा बॉक्स. साध्या पेन्सिल सेलमधली कार्बनची कांडी आणि समोर तांब्याची सळी, दोन्ही वीज न जाणाऱ्या हायलमच्या पट्टीवर, एका बाजूला बारीक आट्याचा स्क्रू म्हणजे अंतर केसाकेसानं वाढवता येतं. स्क्रू शेजारच्या लेथवाल्या दादांनी करून दिला. लोड म्हणून १००० वॅटची इस्त्री, साधारण ४.३ अँपिअर.

कांडी टेकवून लाईन दिली, हळूच स्क्रू उलटा फिरवला. पहिल्यांदा नुसतं चर्रर, मग तव्यात मोहरी तडतडते तसा आवाज, आणि कार्बनच्या टोकाला निळसर पांढरा ठिपका जो एका जागी थांबत नाही, कांडीच्या कडेनं फिरत राहतो. अंतर एक मिलीमीटरसुद्धा नसेल. इस्त्री मात्र गरम होत राहिली, तिला काही फरकच नाही. मागं १६ अँपिअरची एमसीबी होती, ती शांत.

हे उघडं २३० व्होल्ट आहे. लेथवाले दादा मेन स्विचवर हात ठेवून उभे होते, त्याशिवाय मी एकदाही केलं नाही, तुम्हीही एकट्यानं करू नका. ठिणगीकडं उघड्या डोळ्यांनी बघू नका, वेल्डिंगची काच घ्या. मी पहिल्या दिवशी घेतली नव्हती आणि संध्याकाळभर डोळ्यात वाळू गेल्यासारखं होत होतं.

३० जून, रविवार

प्रोग्राम चालवायला ईएसपी३२ हा छोटा कंट्रोलर बोर्ड, करंट मोजायला एसीएस७१२ चं २० अँपिअरवालं मॉड्यूल. त्याचं आउटपुट ५ व्होल्टच्या हिशोबानं येतं म्हणून मध्ये दोन रेझिस्टर टाकून ३.३ च्या आत आणलं. ठिणगीचा वरच्या फ्रिक्वेन्सीचा आवाज (कानाला येणारा नव्हे, करंटमधली थरथर) पकडायला फेराइटची रिंग, तिच्यातनं फेजची तार एकदा जाते, रिंगवर बारीक वायरचे २५ वेढे, पुढं फिल्टर आणि डायोड.

या आठवड्यातल्या तीन संध्याकाळी वाया गेल्या. रीडिंग मध्येच शून्य, मध्येच पूर्ण. सोल्डरिंग परत केलं, मॉड्यूल बदललं, १९० रुपये अजून गेले. शेवटी कळलं की मी जी पिन वापरली ती बोर्डाच्या दुसऱ्या एडीसीवर (व्होल्टेजचा आकडा करून देणाऱ्या भागावर) आहे, आणि वायफाय चालू असताना तो एडीसी वाचताच येत नाही. ३४ आणि ३५ नंबरच्या पिना घेतल्या, पाच मिनिटात सगळं जागेवर. वायफायही काढून टाकलं, नाहीतरी लाईन तोडायच्या कामात त्याचा काय उपयोग.

मित्राचा स्कोप (लाट पडद्यावर दाखवणारं यंत्र) आणून बघितलं. (स्कोपची क्लिप मेनला लावू नका, मी सेन्सरच्या आउटपुटलाच लावली होती.) चांगल्या जोडातनं जाणारी लाट गुळगुळीत. ठिणगी असली की दर वेळी शून्यावरनं जाताना लाट थबकते, ठिणगी विझते, व्होल्टेज पुरेसं चढलं की परत पेटते. माझ्या बेंचवर हा थांबा साधारण एक मिलीसेकंदाचा, म्हणजे अर्ध्या सायकलच्या १० पैकी एक. आणि पेटतानाच आवाजाचा झुपका. प्रोग्राम एवढाच: प्रत्येक अर्ध्या सायकलमध्ये थांबा आहे का, आवाज आहे का, दोन्ही असेल तर एक गुण. एका सेकंदात ४० गुण झाले की तोड. करंट ८ च्या वर असेल तर २० लाच.

७ जुलै, रविवार

तोडायला सुरुवातीला निळी रिले घेतली होती, १० अँपिअर लिहिलेली. दोन इस्त्र्या लावून सातव्या चाचणीला तिचे कॉन्टॅक्ट चिकटले. बोर्ड म्हणतोय तोडलं, ठिणगी चालूच. दादांनी मेन पाडला. पॅनेलवाल्यानी ही चूक करायला नको होती. आता लोड २५ अँपिअरच्या कॉन्टॅक्टरवर आणि रिले फक्त त्या कॉन्टॅक्टरची कॉइल तोडते.

मग दुसरंच, कॉन्टॅक्टर सुटला की बोर्ड रीसेट व्हायचा. कॉइलवर १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅराडचा स्नबर (झटका शोषणारी रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी) टाकला, थांबलं. कपॅसिटर एक्स२ जातीचाच घ्या, साधा मेनवर टिकत नाही.

इस्त्रीवर वीस चाचण्या, वीसही वेळा तुटलं, वेळ ०.४१ ते ०.४८ सेकंद. त्या दिवशी लई बरं वाटलं.

१४ जुलै, रविवार

घरातली सगळी यंत्रं एकेक करून लावली. मिक्सर लावला, लगेच ट्रिप. पंख्याचा रेग्युलेटर दोनवर, ट्रिप. ड्रिल मशीन, ट्रिप. टीव्ही आणि चार्जर एकत्र, कधी ट्रिप कधी नाही. आईनी चटणी वाटायला घेतली होती, तिसऱ्यांदा लाईन गेल्यावर पाट्यावर वाटायला बसली, काही बोलली नाही.

स्कोपवर एकेक बघत बसलो आणि इथंच खरं शिकायला मिळालं. मिक्सरच्या ब्रशमध्ये खरोखरच ठिणगी असते, पण तिचा आवाज सगळ्या लाटेवर पसरलेला, शून्याजवळचा थांबा नाही. रेग्युलेटरला थांबा आहे पण एकदम स्वच्छ, आणि दर वेळी तेवढाच. टीव्ही-चार्जर फक्त लाटेच्या माथ्यावर करंट ओढतात, तिथंही थांबा आहे पण तोही दर वेळी सारखा. ढिल्या जोडातली ठिणगी मात्र कुठलीच दोन अर्धी सायकल सारखी देत नाही. म्हणून तिसरी अट घातली: थांब्याची लांबी मागच्यापेक्षा बदलती पाहिजे. मिक्सर, पंखा, टीव्ही सुटले. स्पीड कमीजास्त होणारी ड्रिल अजून दहातनं दोन-तीनदा पाडते, तिच्यात ब्रशही आहे आणि आत रेग्युलेटरही. ड्रिल मशीन या बॉक्सच्या आधीच्या सॉकेटवर लावायची असं ठरवून पुढं गेलो.

२१ जुलै, रविवार

माडीच्या सर्किटला बसवला. माडीचं वायरिंग सगळ्यात जुनं, लाकडी पट्टीतली ॲल्युमिनियमची तार, नंतर कुणीकुणी तांब्याचे तुकडे जोडलेले. वायरमन मामा बघून म्हणाले, "हे हलवू नको, हलवलंस तर तुटंल." मी हलवलं नाही. तेव्हाच हलवायला पाहिजे होतं.

२६ जुलै

पंचगंगा ४३ फुटांच्या वर गेली, धोका पातळी ओलांडली. आमच्यापर्यंत पाणी येत नाही, पण भिंती घामेजल्यात, कपडे वाळत नाहीत. मोठा भाऊ माडीवर इस्त्रीनंच कपडे वाळवतोय.

तीन दिवसात तीनदा ट्रिप. तिन्ही वेळा मी वर जाऊन बघितलं, वास नाही, धूर नाही, बोर्ड गार. खोटी ट्रिप म्हणून रीसेट केलं आणि तोडायचे ४० गुण होते त्याचे ६० केले. तिसऱ्या ट्रिपनंतर लाईट गेली आणि आली, तर कॉन्टॅक्टर आपोआप बसला, कारण बोर्ड नव्यानं चालू झाला आणि आधीची ट्रिप त्याला आठवतच नव्हती. ट्रिपची खूण फ्लॅशमध्ये (लाईट गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) ठेवायची सोय केली.

९ ऑगस्ट

काल रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांनी १९१५ साली बांधलेलं, आणि आज केशवरावांची जयंती. आमच्या गच्चीवरनं आभाळ लाल दिसत होतं, खाली गेलो तर रस्त्यावर माणसं नुसती उभी, काहीजण रडत होते. आज्जीनी तिथं किती नाटकं बघितली असतील. कशानं लागली ते मला माहीत नाही आणि त्यावर मी काही लिहिणार नाही. पण घरी आल्यावर मी माझी वही उघडली, तीन ट्रिप, तिन्ही माडीच्या, तिन्ही इस्त्री चालू असताना, तिन्ही पावसात. हे मी खोटं म्हणून पुसून टाकलं होतं.

६० चे परत ४० केले. माडीचं सर्किट मेनमधनं काढून ठेवलं.

११ ऑगस्ट, रविवार

मामांना बोलावलं, म्हटलं हलवूया. पट्टीचं झाकण एकेक फूट उचलत गेलो. जिन्याच्या वर, तुळईला चिकटून, काळ्या टेपचा गोळा. टेप उलगडली तर आतनं पांढरी भुकटी पडली. ॲल्युमिनियमच्या तारेवर तांब्याची तार नुसती पिळलेली, ना कनेक्टर ना काही. ॲल्युमिनियमला खड्डे पडलेत, तांब्याचं टोक मण्यासारखं वितळून गोल झालंय, आणि टेपचा आतला थर भाजलेल्या वांग्याच्या सालीसारखा. तुळईवर बोटभर डाग. दमट हवेत या दोन धातूंचा जोड खातो, ॲल्युमिनियमवर करंट न जाऊ देणारा थर चढतो, वर गरम-गार होऊन तार दबत जाते आणि जोड आणखी ढिला होतो. पाऊस आणि इस्त्री एकत्र आले की ठिणगी, एरवी गप्प. म्हणून मी बघायला गेलो की बोर्ड गार.

मामा बराच वेळ तो गोळा हातात घेऊन बसले. मग म्हणाले, "मी नको म्हणालो होतो, चुकलं माझं." मी म्हटलं मामा, तीनदा सांगितलं होतं यंत्रानं, मीच ऐकलं नाही.

१८ ऑगस्ट, रविवार

जूनमधला जळका सॉकेट मी ठेवून दिला होता. आज तो बेंचवर इस्त्रीसोबत लावला, बॉक्स पकडतोय का बघायला. सुरुवातीला थोडी तडतड झाली, २० गुणांपर्यंत गेला, मग आवाज बंद. वाटलं जोड बसला. लाईट बंद करून बघितलं तर टर्मिनलच्या फटीत लालभडक किडा. तारेच्या आणि स्क्रूच्या मध्ये तांब्याचा ऑक्साइड साठतो आणि तो निखाऱ्यासारखा पेटून राहतो. ठिणगी नाही म्हणून लाटेत थांबा नाही, आवाज नाही, बॉक्सवर शून्य गुण. जोडाच्या दोन टोकांत ९ व्होल्ट, करंट ४.३, म्हणजे जवळजवळ ३९ वॅट. चालू सोल्डरिंग आयर्न भिंतीत ठेवून द्यावी तसं.

ज्या सॉकेटसाठी हे सगळं सुरू केलं तोच सॉकेट माझ्या बॉक्सला दिसत नाही. तयार एएफडीडीलाही असला निखारा ओळखणं अवघड जातं, कारण तेही ठिणगीच शोधतात. दोन दिवस काही केलं नाही.

२५ ऑगस्ट, रविवार

निखारा दिसत नसेल तर त्याची धग तरी दिसेल. केएसडी९७०० म्हणून छोटा थर्मोस्टॅट मिळतो, ७० अंशाला आपोआप उघडतो, आपली साधी पीव्हीसी वायरही ७० अंशाचीच असते. प्लॅस्टिक बॉडीवाला घेतला, स्लीव्ह घालून फेजच्या तारेवर टर्मिनलच्या अगदी जवळ बांधला, आणि दोन टोकं कॉन्टॅक्टरच्या कॉइलच्या सिरीजमध्ये. प्रोग्राम नाही, बोर्ड नाही. जळका सॉकेट परत लावून वेळ घेतली: बोर्डात नुसता सोडलेला असताना सहा मिनिटं, तारेला बांधल्यावर पावणेदोन.

पण गार झाला की तो परत जोडतो, कॉन्टॅक्टर परत बसतो, निखारा परत पेटतो. तेव्हा होल्डिंग घातलं, मोटरच्या स्टार्टरला असतं तेच, हिरवं बटण दाबल्यावर कॉन्टॅक्टर स्वतःच्याच कॉन्टॅक्टवर टिकतो आणि एकदा सुटला की बटण दाबेपर्यंत बसत नाही. रोज दहा पॅनेलमध्ये घालतो ते, आणि लाईट गेल्या-आल्याचा प्रश्नही त्यानंच सुटला, फ्लॅशमधली खूण लागतच नाही. पहिल्या आठवड्यात डोक्यात यायला पाहिजे होतं.

तोटा एकच, लाईट जाऊन आली की प्रत्येक वेळी बटण दाबायला लागतं. म्हणून फ्रीजला डीबीवरनं (घरातली सर्किटं जिथनं निघतात त्या मेन बॉक्सवरनं) वेगळी अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची तार ओढली, नवा सॉकेट लाकडापासून लांब, विटांच्या भिंतीवर. त्या सॉकेटलाही एक थर्मोस्टॅट दिलाय, पण तो फक्त बझर वाजवतो.

१ सप्टेंबर, रविवार

खर्च, वाया गेलेलं सोडून: ईएसपी३२ ४८०, करंट मॉड्यूल १९०, फेराइट रिंगा ६०, ५ व्होल्टचा सप्लाय २४०, कॉन्टॅक्टर १,१५०, रिले १४०, डबा ४५०, ठिणगीचा सेट ७००, सहा थर्मोस्टॅट २४०. एकूण ३,६५० रुपये. वाया गेलेलं अंदाजे ९०० आणि अकरा रविवार.

माडीचं वायरिंग सगळं बदललं, मजुरीसकट १४,५००. लाईटला दीडची, सॉकेटला अडीचची तार, जोड फक्त बोर्डातच आणि प्रत्येक टोकाला लग (दाबून बसवलेली धातूची टोपी). हे काम आधी केलं असतं तर बॉक्सला पकडायला काही उरलंच नसतं. तुम्ही करत असाल तर क्रम उलटा करा, आधी जोड उघडून बघा, मग बॉक्स.

५ सप्टेंबर

परवा गणपती. माडीवर लायटिंगच्या माळा लावून तीन तास ठेवल्या, एकही ट्रिप नाही. जाणूनबुजून एका माळेचा जोड ढिला केला तर करंट इतका कमी की बॉक्सला पत्ता नाही, अडीच अँपिअरच्या खाली तो बघतच नाही. माळांचे जोड मग हातानं एकेक तपासले, दोन कापून टाकले.

आज्जीला हिरवं बटण दाखवलं. म्हणाली, "दाबायचं केव्हा आणि नाही दाबायचं केव्हा ते सांग." तिला सांगितलं तेच डब्यावर कागद चिकटवून लिहिलंय: लाईट सगळ्या गल्लीची गेली होती तर दाबा, फक्त आपलीच गेली असेल तर दाबू नका, मला फोन करा.

राहिलेलं: डीबीतल्या न्यूट्रल पट्टीचे स्क्रू, गीझरचं सर्किट आणि न्हाणीतला जुना बोर्ड. गणपती उठले की न्हाणीपासून सुरू.